झाडात मोटर कुठे असते?

विज्ञान प्रदर्शनांचा मोसम सुरू झाला की या सदराचं टपाल एकदम जड होतं. यंदा बरीच पत्रं एकाच विषयावर आहेत, वनस्पतींमध्ये पाणी आणि अन्न कसं वाहतं त्याचं वर्किंग मॉडेल. सगळी छापणं शक्य नाही, त्यातली काही घेतली आहेत, नावं नेहमीसारखी काढून.

बाई, नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या प्रदर्शनात तिने वनस्पतीतील पाण्याचं वहन हे मॉडेल केलं. थर्माकोलचं झाड, आत दोन नळ्या, एक निळी एक लाल, खाली फिश टँकची छोटी मोटर. बटण दाबलं की निळं पाणी पानापर्यंत जायचं आणि लाल पाणी खाली यायचं. बघायला गर्दी झाली होती पण परीक्षकांनी विचारलं, बाळा झाडात ही मोटर कुठे असते, आणि ही गप्प. नंबर आला नाही ते ठीक आहे, पण घरी येऊन तिने मला विचारलं आई खरंच कुठे असते, तर मलाही सांगता येईना. आता २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला परत मॉडेल मांडायचंय. खर्च फार नको. काय करता येईल? (एक आई, इचलकरंजी)

ताई, परीक्षकांचा प्रश्न रास्त होता आणि तुमच्या लेकीचा तर त्याहून चांगला. मोटर नसतेच. आपल्या अंगात हृदय रक्त ढकलतं, झाडाच्या खोडात पाणी ढकलणारं तसं काही नाही. पण बाजारात मिळणारी आणि व्हिडिओत दिसणारी बहुतेक मॉडेलं म्हणजे रक्ताभिसरणाच्या मॉडेलला हिरवा रंग दिलेला असतो, लाल निळ्या नळ्या तिथूनच आल्यात. शिवाय झाडातलं पाणी गोल गोल फिरत पण नाही. मुळांनी शोषलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांच्या वर पाणी पानांतून वाफ होऊन हवेत निघून जातं, ते परत खाली येत नाही. यालाच पुस्तकात बाष्पोच्छ्वास म्हणतात. साखर जाते ती वेगळ्या नळ्यांतून आणि वेगळ्या कारणाने, त्याचं पत्र पुढे आहे.

मग पाणी चढतं कसं, तर वरून ओढलं जातं. पानातल्या पेशींच्या भिंती ओल्या असतात, त्यांना डोळ्याला न दिसणारी बारीक छिद्रं असतात, तिथलं पाणी उडून गेलं की छिद्रातला पाण्याचा पृष्ठभाग आत ताणला जातो आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे मागचं पाणी पुढे येतं, त्याच्या मागचं त्याच्या पुढे, पानापासून देठ, खोड आणि थेट मुळापर्यंत. विहिरीतून दोर ओढावा तसंच, फक्त दोर पाण्याचाच असतो. १८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली या दोघांनी हा विचार मांडला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत जर्मनीत आस्केनाझी यांनी प्लॅस्टरचा सच्छिद्र तुकडा, काचेची नळी आणि पारा एवढ्यावर तो करून दाखवला, म्हणजे झाडाशिवाय, कुठलीही जिवंत वस्तू न वापरता. पारा आपल्याला अजिबात नको, विषारी असतो. पण तसंच मॉडेल घरच्या वॉटर फिल्टरच्या कँडलने होतं आणि माझ्या मते नववीसाठी याहून चांगलं मॉडेल नाही.

लागेल काय ते सांगते. एक नवीन साधी सिरॅमिकची कँडल, ती जुन्या स्टीलच्या फिल्टरमध्ये असते ना पांढरी, तीच. मेडिकलमधून एक कोरा सलाईनचा सेट, सुई काढून टाकायची पण नळीवरचं ते चाकाचं क्लॅम्प ठेवायचं, ते फार कामाला येतं. एम-सील. बिनसुईची मोठी सिरिंज. आणि कँडल वर टांगायला बांबूचा किंवा लाकडी स्टँड.

कँडलच्या बुडाला आटे असलेलं प्लॅस्टिकचं तोंड असतं, त्यात सलाईनची नळी घालून चहूबाजूंनी एम-सील भरायचं आणि हे कँडल कोरडी असताना करायचं, ओलीवर एम-सील धरत नाही. रात्रभर सुकू द्या. जोड जरा जरी गळला तरी सगळं मॉडेल बसलं म्हणून समजा, तेव्हा इथे घाई नको. दुसऱ्या दिवशी पाणी चांगलं उकळून झाकून गार करा, उकळल्याने पाण्यातली विरघळलेली हवा निघून जाते. त्या पाण्याच्या बादलीत कँडल नळीसकट पूर्ण बुडवून काही तास भिजू द्या. मग पाण्याखालीच कँडलचं तोंड वर करून धरा आणि नळीच्या टोकाला सिरिंज लावून ओढत राहा. आधी हवा येईल, मग नुसतं पाणी येईल. तोंड वर करायला विसरू नका नाहीतर हवा घुमटात अडकून बसते आणि नंतर कितीही ओढलं तरी निघत नाही. नुसतं पाणी यायला लागलं की क्लॅम्प बंद.

आता कँडल उलटी करून स्टँडवर वर, नळी खाली सोडलेली आणि तिचं टोक पाण्याच्या ग्लासात. क्लॅम्प उघडा. कँडलच्या अंगावरून पाणी उडत राहणार आणि तेवढं पाणी नळीतून वर चढत राहणार. दिसणार कसं? रंग घालावासा वाटेल, घालू नका, रंगाने कँडलची छिद्रं बुजतात. त्याऐवजी नळीचं टोक क्षणभर ग्लासातून वर काढून परत बुडवा, एक छोटा हवेचा बुडबुडा आत जाईल आणि तो बुडबुडा हळूहळू वर सरकताना दिसेल. नळीच्या मागे पट्टीसारखा आखलेला कागद लावा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच. कॉलेजात याच युक्तीच्या उपकरणाला पोटोमीटर म्हणतात, फक्त तिथे कँडलच्या जागी फांदी असते. बुडबुडा फारच आळशी वाटला तर जास्त बारीक नळी घ्या, तेवढंच पाणी बारीक नळीतून जाताना भराभर पळतं.

यातली खरी मजा प्रश्न विचारण्यात आहे. टेबल फॅन लावला की बुडबुड्याचा वेग वाढतो. कँडलवर प्लॅस्टिकची पिशवी घातली की तो मंदावतो. पिशवीला थोडी भोकं पाडली की परत सुरू होतो, आणखी पाडली की आणखी, म्हणजे पर्णरंध्रं, पानावरची बारीक तोंडं, उघडल्या-मिटल्याने झाड पाण्यावर कसा ताबा ठेवतं तेही इथेच दाखवून झालं. उन्हात ठेवा, सावलीत ठेवा, आकडे वहीत लिहा, ग्राफ काढा. परीक्षकांनी मोटर कुठे विचारलं तर तिने पंख्याकडे आणि खिडकीतल्या उन्हाकडे बोट दाखवावं, कारण लागणारी ऊर्जा तिथूनच येते.

आणि एक कार्ड लिहून बाजूला लावा, या मॉडेलमध्ये काय दाखवलेलं नाही. आपल्या ग्लासाच्या जागी खऱ्या झाडाला मूळरोम असतात, ते क्षार निवडून आत घेतात आणि मग परासरणाने, म्हणजे क्षार जास्त असतील तिकडे पटलातून, पाणी शिरतं, ते आपल्याकडे नाही. कँडलची छिद्रं पानातल्या पेशीभित्तीच्या छिद्रांपेक्षा खूपच मोठी आहेत. असं कार्ड फारसं कुणी लावत नाही, का ते मला कळत नाही, परीक्षक म्हणून बसलं की सगळ्यात आधी तेच वाचावंसं वाटतं.

थर्माकोल मात्र सोडा, सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि तसंही या मॉडेलला झाडाचा देखावा लागतच नाही.

मी सातवीत आहे. आमच्या मॅडमनी सांगितलं म्हणून मी पांढरी शेवंती रंगाच्या पाण्यात ठेवली पण दोन दिवस झाले तरी पांढरीच आहे. रंगपंचमीचा उरलेला रंग वापरला होता. माझ्या मैत्रिणीची फुलं निळी झाली. माझं काय चुकलं? (विद्यार्थिनी, कराड)

तुझा रंग चुकला गं. रंगपंचमीचे बरेच रंग पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात, त्यांचे कण जलवाहिनीच्या, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळीच्या, तोंडाशी जाऊन बसतात आणि रस्ताच बंद. कुंकू, हळद यांचंही तेच होतं. केकमध्ये घालायचा पातळ खायचा रंग घे, नाहीतर पेनाची शाई, आणि पाणी चांगलं गडद कर, फिकट ठेवलंस तर फुलावर काही दिसणार नाही.

दुसरं म्हणजे देठ बादलीतल्या पाण्यात बुडवून पाण्याखालीच तिरका कापायचा आणि लगेच रंगात ठेवायचा. हवेत कापलं तर कापल्या क्षणी नळ्यांमध्ये हवा ओढली जाते, कारण आतलं पाणी ताणलेलं असतं, आणि हवा शिरली की ती नळी गेली कामातून. तुझ्या मैत्रिणीने कसं कापलं होतं ते विचारून बघ. फुलं खोलीत उजेडाला, वाऱ्याला ठेव, कपाटात नको.

पावसाळ्यात करणार असशील तर शेवंतीपेक्षा तेरडा घे, मुळांसकट उपटून माती हलकेच धुऊन. तेरड्याचं खोड इतकं पारदर्शक असतं की आतल्या लाल रेषा वर चढताना बाहेरूनच दिसतात, कापायची गरज पडत नाही. तरी कापायचंच असेल तर ब्लेड घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात दे. आडव्या कापात तेरड्यात रंगीत ठिपके गोल कड्यात दिसतील आणि निशिगंधाच्या दांड्यात किंवा मक्याच्या ताटात तेच ठिपके सगळीकडे विखुरलेले. हे का, ते नववीत शिकशील, आत्ता फक्त चित्र काढून ठेव. अजून एक गंमत, शेवंतीचा देठ उभा मधोमध चिरून एक भाग निळ्या आणि एक भाग लाल पाण्यात ठेवलास तर फूल अर्धं अर्धं रंगतं, म्हणजे प्रत्येक नळीचा रस्ता बराचसा वेगळा असतो हे कळतं.

मी सांगोला तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. जलवाहिनीचं मॉडेल सगळी मुलं करतात पण रसवाहिनीचं कुणी करत नाही, करायचं तरी कसं तेही सुचत नाही. पुस्तकात चार ओळी आहेत त्यावर मुलांचं समाधान होत नाही. काही सुचवाल का? (एक शिक्षक)

सर, तुमच्या तालुक्यात तर रसवाहिनीचं, म्हणजे साखर नेणाऱ्या नळ्यांचं, जिवंत मॉडेल शेताशेतात आहे. डाळिंबाची गुटी बांधताना, म्हणजे फांदीलाच मुळं फुटवून नवं रोप करताना, काय करतात, फांदीवरून सालीचं एक कडं पूर्ण काढून टाकतात, वर ओलं शेवाळ आणि प्लॅस्टिक बांधतात. आता मुलांना एवढंच विचारा की साल काढली तरी वरची पानं सुकत का नाहीत, आणि मुळं फुटतात ती कड्याच्या वरच्या काठाला का, खालच्या का नाही. सालीबरोबर रसवाहिनी जाते, जलवाहिनी आतल्या लाकडात शाबूत राहते. पाणी वर चढतच राहतं म्हणून पानं टवटवीत, आणि पानांनी केलेली साखर आणि मुळं फुटायला लागणारी संप्रेरकं खाली जाताना त्या काठाशी अडतात. इटलीत माल्पिघी यांनी सतराव्या शतकात हेच कडं काढून वरचा भाग फुगतो हे दाखवलं होतं. तुमचे पालक जे दर पावसाळ्यात करतात तो वनस्पतिशास्त्रातला एक सगळ्यात जुना प्रयोग आहे, हे मुलांना जरूर सांगा. सांगली, नाशिककडे द्राक्षाला गर्डलिंग करतात तेही हेच, खोडाची बारीक साल काढली की साखर मुळाकडे न जाता काही दिवस मण्यांकडेच राहते आणि मणी फुगतो.

प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवायला बटाटा. मोठा बटाटा घ्या, बूड सपाट कापा, खालच्या अर्ध्या भागाची साल काढा आणि वरून खोल खड्डा करा, पण बुडाला बोटभर गर राहू द्या. खड्ड्यात साखरेचा घट्ट पाक, त्यात थोडा खायचा रंग. तोंडाला भोक पाडलेलं रबरी बूच, त्यात पारदर्शक नळी, आणि सगळीकडून मेणबत्तीचं मेण ओतून बंद. बटाटा पाण्याच्या ताटलीत ठेवला की काही तासांत रंगीत पाक नळीत वर चढलेला दिसतो. बटाट्याच्या पेशींच्या पटलातून पाणी आत येतं पण साखर तितक्या सहज बाहेर जात नाही, त्यामुळे आत दाब तयार होतो. इथे ओढणं नाही, ढकलणं आहे. जर्मन वनशास्त्रज्ञ म्युंश यांनी १९३० च्या सुमारास रसवाहिनीबद्दल हेच मांडलं. पानात साखर भरली जाते, शेजारच्या जलवाहिनीतून पाणी शिरतं, दाब वाढतो, आणि जिथे साखर काढून घेतली जाते, म्हणजे मूळ, फळ, दाणा, कोंब, तिकडे रस ढकलला जातो. नळी वाकवून दुसऱ्या बटाट्याच्या खड्ड्यात सोडली की ते टोकही दाखवता येईल, पण त्या बटाट्याचं तोंड उघडं ठेवा आणि सगळे जोड मेणाने नीट बंद करा, नाहीतर दाब तिथेच निघून जातो.

यात एक गोष्ट मुद्दाम करा, त्याच मापाचा दुसरा बटाटा उकडून तोच प्रयोग लावा. तो ढिम्म हलणार नाही, कारण उकडल्यावर पटलं मेली. आणि शेजारी वरच्या पत्रातली कँडल ठेवा, ती तर कधीच जिवंत नव्हती तरी पाणी ओढते. जलवाहिनीच्या पेशी मेलेल्या, पोकळ असतात, रसवाहिनीच्या जिवंत असाव्या लागतात. पुस्तकातल्या चार ओळींत हे वाक्य येऊन जातं आणि मुलं ते पाठ करतात, उकडलेला बटाटा बघितल्यावर ते पाठ करावं लागत नाही.

रसवाहिनीत खरंच दाब असतो का असं कुणी विचारलं तर मावा दाखवा. मावा कीड सोंड रसवाहिनीत खुपसते आणि रस आपोआप तिच्या तोंडात येतो, इतका की जास्तीचा चिकट गोड पदार्थ बाहेर टाकावा लागतो, पानं चिकट होतात ती त्यानेच. १९५३ साली इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञांनी माव्याची सोंड रोवलेली असतानाच कीड कापून वेगळी केली तरी सोंडेच्या टोकातून रस तासन् तास येत राहिला. कोकणात आणि गोव्यात माडाची पोय, म्हणजे फुलोरा, छाटून सूर (ताडीसारखा गोड रस) काढतात तोही रसवाहिनीचाच रस.

आणि आकृतीत जलवाहिनीला वर जाणारा बाण आणि रसवाहिनीला खाली जाणारा बाण काढतात, तो दुसरा बाण तेवढा दुरुस्त करून घ्या. बटाट्याला कोंब फुटला की साखर बटाट्यातून वर कोंबाकडे जाते. रस खाली किंवा वर जात नाही, तो गरज असेल तिकडे जातो.

मी निवृत्त इंजिनिअर आहे. नातवाच्या प्रोजेक्टमध्ये पाणी वाफेच्या ओढीने चढतं असं लिहिलंय. आम्हाला शाळेत केशाकर्षण शिकवलं होतं. तसंही सक्शनने पाणी १० मीटरच्या वर चढतच नाही हे मी आयुष्यभर पंप बसवताना पाहिलंय. मग उंच झाडाचं काय? शिवाय जगदीशचंद्र बोस यांनी झाडात पंप असतो असं सिद्ध केलं होतं ना? (पुणे)

काका, तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही खमंग आहेत.

केशाकर्षण आधी घेऊ. नळी जितकी बारीक तितकं पाणी जास्त चढतं, हे बरोबर. पण खोडातल्या जलवाहिनीचा व्यास ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला तर हिशोबाने पाणी साधारण ६० सेंटिमीटर चढेल आणि थांबेल. तेवढ्यात तुळस भागेल, माड नाही. १०० मीटर चढवायचं तर नळीचा व्यास ०.३ मायक्रॉनच्या आसपास हवा, आणि एवढ्या बारीक नळीतून झाडाला पुरेसं पाणी वाहणारच नाही. म्हणून झाडाने कामाची वाटणी केली आहे. वाहायला खोडात रुंद नळ्या, आणि धरून ठेवायला पानातल्या पेशीभित्तीची अतिबारीक छिद्रं. तुमचं केशाकर्षण आहे, पण ते खोडात नसून पानात आहे, पाण्याचा अख्खा स्तंभ तिथे टांगलेला आहे.

आता सक्शन. विहिरीत पंप खाली ओट्यावर उतरवून बसवतात ते याचमुळे. तत्त्वतः १०.३ मीटर आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या वर सक्शन धरत नाही, कारण तिथे पाणी ओढलं जात नसतं, बाहेरची हवा त्याला ढकलत असते आणि हवेचा दाब तेवढाच आहे. झाडात हवेचा संबंध येत नाही. पाण्याचा स्तंभ खरोखर ताणलेला असतो, ऋण दाबाखाली, आणि नळीत बुडबुडा नसेल तोवर तो तुटत नाही. तुटतो कधी कधी, दुष्काळात तर बराच, मग ती नळी तेवढ्यापुरती बाद आणि पाणी बाजूच्या नळीतून खाचांमधून वळसा घालून जातं. पंपाच्या पाइपमध्ये ही चैन नाही, एकच रुंद पाइप, त्यात बुडबुडा झाला की संपलं.

१०० मीटर उंच झाडाच्या शेंड्याला नुसतं वजन पेलायला १० वातावरणांचा, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दहापट, ताण लागतो, नळ्यांतलं घर्षण धरून साधारण दुप्पट. १९६५ मध्ये अमेरिकेत शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं, उंच झाडांच्या शेंड्याच्या डहाळ्या चक्क बंदुकीने पाडून आणि मग दाबाच्या भांड्यात ठेवून, पाणी कापाशी परत दिसेपर्यंत दाब वाढवत. मला त्यांचे खारफुटीचे आकडे जास्त आवडतात. समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी काढायलाच २५ वातावरणांच्या आसपास ताण लागतो, आणि खारफुटीत तो ३० च्या वर सापडला. आपल्या खाडीतलं माणसाएवढं झुडूप उंच माडाहून जास्त जोर लावून पाणी ओढतं, उंची हा त्यातला एक भाग झाला फक्त.

बोस यांच्याबद्दल. १९२३ साली त्यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं, खोडातल्या जिवंत पेशी आकुंचन प्रसरण पावत पाणी वर ढकलतात असं त्यांचं म्हणणं होतं. वनस्पतींची हालचाल मोजायला त्यांनी केलेली यंत्रं अफलातून होती, त्याबद्दल वाद नाही, पण पाणी चढण्याचा हा खुलासा टिकला नाही. त्याच्या आधीच, १८९१ च्या सुमारास, स्ट्रासबुर्गर यांनी उंच झाडं बुंध्याशी कापून विषारी द्रावणात उभी केली होती. विष चढत गेलं, वाटेतल्या पेशी मरत गेल्या, तरी द्रावण वर पोचलंच. जिवंत पेशींचा पंप असता तर तिथेच थांबलं असतं. नातवाच्या प्रोजेक्टमध्ये बोस यांचं नाव जरूर असू द्या, पण त्या काळातला एक विचार म्हणून, आजचं उत्तर म्हणून नको.

ढकलणारं अगदीच काही नाही असंही नाही म्हणा. मूलदाब असतो. पहाटे अळूच्या पानाच्या टोकाला थेंब लोंबतो तो दर वेळी दवच असतो असं नाही, रात्री वाफ होत नाही तेव्हा मुळांनी ढकललेलं पाणी तिथून बाहेर येतं. द्राक्षाची छाटणी झाली की कापलेल्या टोकातून पाणी ठिबकतं तेही हेच, इंग्लंडमधले पाद्री स्टीफन हेल्स यांनी तीनशे वर्षांपूर्वी कापलेल्या वेलीला नळी जोडून हा दाब मोजला होता. पण तो एक-दोन वातावरणांच्या पुढे सहसा जात नाही आणि भर दुपारी, जेव्हा पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हा तर नसतोच.

चार्टवर जलवाहिनी आणि रसवाहिनीला कुठले रंग द्यावेत? (फोंडा, गोवा)

कुठलेही दोन द्या पण लाल निळे नकोत, बघणारा लगेच रक्तावर जातो. पिवळा आणि जांभळा चालेल. बाणांची दिशा रंगांपेक्षा महत्त्वाची.

परवा प्रदर्शन आहे आणि मुलाने आज संध्याकाळी सांगितलं. फ्लॅटमध्ये राहतो, सामान काही नाही. कँडल वगैरे आता शक्य नाही. काहीतरी सांगा प्लीज. (डोंबिवली)

हे पत्र छापून येईपर्यंत तुमचं परवा होऊन गेलेलं असणार, पण दर वर्षी असं कुणाचं ना कुणाचं होतंच म्हणून उत्तर देते.

कुंडीतलं एक रोप आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. कुंडीला पाणी द्या, निथळू द्या, मग कुंडी आणि माती प्लॅस्टिकने पूर्ण गुंडाळून बुंध्याशी सेलोटेपने बंद करा, म्हणजे पाणी जाईल ते फक्त पानांतून. वजन करा, लिहा, उजेडात ठेवा, दर तासाला वजन. जेवढे ग्रॅम कमी तेवढे मिलिलिटर पाणी पानांतून गेलं. हेल्स यांनी असंच सूर्यफुलाच्या कुंडीवर झाकण बसवून वजनं केली आणि साडेतीन फुटी झाड दिवसाच्या १२ तासांत सरासरी सव्वा पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त पाणी सोडतं असं १७२७ मध्ये छापलं. काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा आणि रोप मऊ, रुंद पानांचं घ्या, जास्वंद चालेल, तुळस चालेल. कोरफड, निवडुंग, स्नेक प्लांट अजिबात नको, ते दिवसा पर्णरंध्रं मिटून बसतात आणि मुलगा काट्याकडे बघत बसेल.

सोबत ठेवायला, घरात सुगंधाची बाटली असते ना, काड्या खोचलेली, त्या काड्या वेताच्या आहेत का बघा. नवीन कोरडी काडी मिळाली तर तिचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकातून जोरात फुंका, पाण्यात बुडबुडे येतात. वेताच्या जलवाहिन्या लांबच लांब आणि मोकळ्या असतात. छडीचा हा उपयोग आमच्या पिढीला उशिरा कळला. वापरलेली काडी तोंडात घालू नका, तिला तेल लागलेलं असतं.

कुंडीला पाणी आज रात्रीच द्या, पहिलं वजन सकाळी शाळेच्या आधी, आणि मुलाला सांगा आकडे त्याने स्वतःच्या हाताने लिहायचे, खाडाखोड झाली तरी चालेल.